‘सोडून या’ : एका क्रियापदाविरुद्ध

‘सोडून येणे’ हे मराठीतले मोठे मायाळू क्रियापद आहे. पाहुण्यांना आपण स्टँडवर सोडून येतो, लेकराला शाळेत सोडून येतो, माहेरपणाला आलेल्या बहिणीला भाऊ तिच्या सासरी सोडून येतो. ज्याला सोडायचे ते माणूस सुखरूप पोचावे ही काळजी या क्रियापदात गृहीत धरलेली असते. हेच क्रियापद आपण मांजरासाठीही वापरतो. तिथे मात्र अर्थाची उलटापालट झालेली असते. मांजर कुठेही पोचू नये आणि मुख्य म्हणजे परत येऊ नये, यासाठी तिला ‘सोडून येतात’. बारदानात घालतात, तोंड सुतळीने बांधतात, स्कूटरच्या पायापाशी ठेवतात आणि नदी ओलांडतात. जळगावात ही नदी गिरणा असते, धुळ्यात पांझरा. परतल्यावर घरच्यांना सांगतात, ‘सोडून आलो.’ ऐकणाऱ्याच्या मनात या वाक्याने काहीही हलत नाही. आमचा आक्षेप या न हलण्याला आहे.

आमच्या घरी दोन वर्षांपासून एक मांजर राहते. बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाने ती मागे ठेवली आणि काही दिवस बंद दारापाशी बसून झाल्यावर ती आमच्या पायरीवर आली. करड्या रंगामुळे गल्लीतल्या मुलांनी तिचे नाव सरकी ठेवले आहे. सरकी रात्री ओरडते. हे विधान सौम्य आहे. आम्हां दोघांपैकी एक जळगावातच शिकवतो आणि दुसरी रोज पहाटेच्या एसटीने एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला जाते. जवळजवळ नव्वद किलोमीटरचा तो प्रवास आणि त्यानंतरचे चार तास हे सगळे झोपेच्या भांडवलावर चालते. त्या भांडवलाला रात्री दोन वाजता कोणी हात घातला तर काय होते, हे आम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही आम्ही ज्यांना ज्यांना ही अडचण सांगितली त्या बहुतेकांनी, आणि त्यांत मराठी विषयाचे अध्यापक बहुसंख्य होते, एकच उपाय सुचवला : सोडून या. एकाने बारदान देऊ केले. करुणा हा ज्यांच्या प्रबंधाचा विषय आहे अशा एका विद्वानांनी तर पुलाचे नावही सांगितले.

आम्ही दुखावलो म्हणून हा लेख लिहीत आहोत असे कोणी समजू नये. हा सल्ला आपल्या भाषेतून आणि आपल्या साहित्यव्यवहारातून कसा तयार होतो, याकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे लक्ष वेधावे, एवढाच हेतू आहे. दया दाखवा असा उपदेश करायला आमची योग्यता नाही. वाचायला मात्र आपण सगळेच शिकवतो. तेव्हा मांजराचा आवाज आपण कसा चुकीचा वाचतो, हे तपासणे आपल्याच अभ्यासक्रमात बसते.

प्रथम शब्दसंग्रह पाहू. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत ‘ध्वनिदर्शक शब्दां’ची यादी असते. आपण सर्वांनी ती पाठ केली आहे आणि पुढे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांकडून पाठ करूनही घेतली आहे. हत्तीचा चीत्कार, घोड्याचे खिंकाळणे, मोराचा केकारव, हंसाचा कलरव, घुबडाचा घूत्कार, माकडाचा भुभुःकार, म्हशीचे रेकणे, कोल्ह्याची कोल्हेकुई. जो हंस खानदेशात कोणी पाहिलेला नाही त्याच्या आवाजालाही स्वतंत्र शब्द आहे. आणि चुलीपाशी झोपणाऱ्या मांजराच्या वाट्याला आले आहे ‘म्याव म्याव’. त्यात गुरगुरणे आणि फिस्कारणे हे दोन मिळवले की मांजराच्या आवाजाचा सारा कोश संपला. कुत्रा मराठीत भुंकतो, केकाटतो, विव्हळतो, गुरगुरतो, लांब सूर काढून रडतो. मांजर रात्री अडीच वाजता छातीच्या खोलीतून जो दीर्घ, चढउतारांचा, मध्येच माणसाच्या बोलण्यासारखा भासणारा स्वर काढते त्याला प्रमाण मराठीत शब्द नाही.

शब्द नसला की भाषा रिकामी जागा ठेवत नाही. जवळचा शब्द उसना आणते. मांजराच्या या स्वरासाठी आपण ‘रडणे’ हा शब्द उसना आणला. ‘मांजर रडते आहे’ असे एकदा म्हटले की पुढची पायरी तयारच असते, कारण मांजराचे रडणे अशुभ मानले जाते; घरात कोणाचे तरी बरेवाईट होणार असे बोलले जाते. अशुभ घरात ठेवायचे नसते. म्हणून बारदान. एका शारीरिक घटनेला चुकीचे क्रियापद मिळाले, त्या क्रियापदाने शकुनाला बोलावले आणि शकुनाने नदी दाखवली. ज्या धुळे शहरात राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला, ज्यांनी मराठी धातूंचा कोश रचला आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे आहे, त्या शहरात रोज जाणाऱ्यांनी एका धातूच्या गैरवापराबद्दल बोलू नये तर कोणी बोलावे?

गंमत अशी की योग्य शब्द आपल्याकडे आहे. तो गोठ्यात आहे. गाय माजावर येते, म्हैस माजावर येते. ती रात्रभर ओरडते, दावे ओढते, वैरण खात नाही. खानदेशातला कोणताही शेतकरी हे ओरडणे ऐकून ‘म्हैस रडते, अशुभ आहे’ असे म्हणत नाही आणि तिला गिरणेपलीकडे सोडूनही येत नाही. सकाळी तो जनावरांच्या डॉक्टरांना फोन करतो. म्हशीच्या आवाजाचे वाचन बिनचूक होते कारण त्या वाचनावर दूध अवलंबून असते. मांजराच्या आवाजावर काहीच अवलंबून नाही, त्यामुळे तिथे आपण निःसंकोच निरक्षर राहतो.

आता हा आवाज काय आहे ते थोडे सविस्तर सांगायला हवे. मराठीच्या शिक्षकांनी प्राणिशास्त्रात नाक खुपसू नये हे आम्हांला मान्य आहे. पण दोन वर्षांच्या जागरणाने आम्हांला या विषयात काही अधिकार मिळवून दिला आहे असे वाटते.

मादी मांजर साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, कधी त्याहून लवकर, वयात येते. तिचे माजावर येणे दिवसाच्या लांबीशी बांधलेले आहे. दिवस मोठे होऊ लागले की ते सुरू होते. थंड देशांत हिवाळ्यातील लहान दिवसांमुळे त्याला मोठा खंड पडतो. आपले जळगाव एकवीस अक्षांशांवर. इथला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडा अधिक. त्यामुळे हा खंड इथे अगदीच तोकडा असतो. काही मांजरींच्या बाबतीत तर पडतच नाही. माज साधारण आठवडाभर टिकतो. आणखी एक गोष्ट : मांजरीत बीज आपोआप सुटत नाही, ते समागमानंतरच सुटते. समागम झाला नाही तर दोनतीन आठवड्यांत सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे दार लावून कोंडून ठेवलेली मांजर ‘शहाणी’ होत नाही, ती अधिक वेळा ओरडते. आणि दार उघडे ठेवले तर सुमारे नऊ आठवड्यांनी कपाटाच्या तळाशी पिल्ले असतात, आणि ती ज्या बोक्यांमुळे झाली त्यांच्या भांडणांनी पत्रे वाजत असतात. आपण ज्याला मांजरांचे रडणे म्हणतो त्यातला मोठा भाग हा अशा दोन बोक्यांमधला हद्दीचा वाद असतो. दिवाणी दावा म्हणावा असा.

दुसरा आवाज पहाटेचा. मांजर हा मूळचा संधिप्रकाशात शिकार करणारा प्राणी. दिवस उगवताना आणि मावळताना तो सर्वाधिक जागा असतो. त्याला कोणी हे शिकवत नाही आणि रागावून ते विसरायलाही लावता येत नाही. तिसरा आवाज म्हातारपणाचा. वय झालेल्या मांजराची थायरॉईड ग्रंथी अधिक काम करू लागली, मूत्रपिंडे थकली, ऐकू येईनासे झाले किंवा रात्री आपण कुठे आहोत हे कळेनासे झाले, तर तेही ओरडते. याला कोणी हेका म्हणत असेल तर घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसालाही तो तोच शब्द लावणार का?

आणि चौथा आवाज, जो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाढलेली मांजरे एकमेकांशी ‘म्याव’ करून फारसे बोलत नाहीत. पिल्लू आईला म्याव करते, मोठे झाले की एकमेकांतला हा व्यवहार जवळजवळ थांबतो. म्याव हा मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेला स्वर आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की भुकेले मांजर माणसापाशी जी विशिष्ट घरघर करते तिच्यात एक उंच स्वर मिसळलेला असतो, आणि त्या स्वराची वारंवारता मानवी अर्भकाच्या रडण्याशी मिळतीजुळती असते. मांजर न पाळलेल्या माणसांनाही ती घरघर अधिक निकडीची आणि कमी सुखद वाटली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. इतक्या दीर्घ सहवासात या प्राण्याने आपल्यासाठी एक बोली घडवली. घरोघरी ती थोडी वेगळी असते, आणि कोणत्या स्वराला कोण उठते हे प्रत्येक मांजर स्वतः शिकते. सरकीला पक्के ठाऊक आहे की पावणेपाचला या घरात एक माणूस एसटीसाठी उठते. ती साडेचारला आठवण करून देते. आम्हांला तिचा पाव तास मान्य नाही, तिला आमचा नाही. हा मतभेद आहे. त्यावर नदी हा उपाय होऊ शकत नाही.

मग साहित्याने काय केले? साहित्याने मांजराला मुके केले. हे विधान थोडे उद्धट आहे, पण पुरावा पाहावा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दांभिक माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे : मांजराचे व्रत करणारा. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला जो निरोप धाडतो त्यात तपस्वी मांजराची गोष्ट येते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील शिल्पात ते मांजर एका पायावर उभे राहून तप करते आहे आणि पायाशी उंदीर आहेत. पंचतंत्रात दधिकर्ण न्यायाधीश होतो आणि वादी-प्रतिवादी दोघांनाही खातो. हितोपदेशातला दीर्घकर्ण म्हाताऱ्या गिधाडाच्या आश्रयाने पिल्ले फस्त करतो. या सगळ्या मांजरांत एक साम्य आहे : ती डोळे मिटून, शांत बसलेली असतात. आपल्या म्हणीही याच घराण्यातल्या आहेत. डोळे मिटून दूध पिणारी मांजर, उंदराला साक्ष देणारी मांजर, शिंके तुटताच साधून घेणारा बोका, आडवी जाणारी मांजर. दोन हजार वर्षे आपण मांजराकडे ढोंगाचे रूपक म्हणून पाहिले आणि रूपकाला आवाज लागत नाही. खरे मांजर मध्यरात्री खिडकीत बसून अत्यंत प्रामाणिकपणे आपली अवस्था साऱ्या गल्लीला सांगते. त्याच्याइतके ढोंगाला नालायक जनावर दुसरे नसेल.

अपवाद आहेत, आणि ते आपण शिकवत नाही. श्रीवैष्णवांच्या तेंगलै शाखेने भक्तीचा मार्ग सांगताना मार्जारन्याय सांगितला. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. ईश्वरी कृपेचा एवढा मोठा सिद्धान्त कोणीतरी मांजरीकडे नीट पाहिल्यामुळेच सुचला असणार. बंगालात षष्ठी देवीचे वाहन मांजर आहे. हीच षष्ठी आपल्याकडे सटवाई म्हणून बाळाच्या सहाव्या रात्री ललाटलेख लिहायला येते आणि त्या रात्री घरात जागरण असते. बंगालने देवीबरोबर तिचे मांजर ठेवले. आपण देवी ठेवली, जागरण ठेवले, मांजर मात्र वाटेत कुठेतरी सोडून आलो.

कुत्र्याचे नशीब बरे. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मध्ये हल्कूच्या कुशीत जबरा झोपतो आणि रात्री शेतावर भुंकतो, त्या भुंकण्यावर शेरे मारून कोणी जबराला अपशकुनी ठरवत नाही. अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये मुंबईचा गावठी कुत्रा चौकात बसून स्वतःची वंशावळ सांगतो. माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीला तिचा इतिहास दिला. आपल्या अंगणातल्या बहिणाबाईंनी सुगरणीच्या खोप्याचा एकेक धागा पाहिला. त्यातून त्यांनी माणसासाठी बोध काढला हे खरे, पण आधी पाहिले. मराठी समीक्षेने ‘निसर्ग’ या शब्दावर जेवढी शाई खर्च केली तिचा शतांश जरी खिडकीत ओरडणाऱ्या प्राण्याला मिळाला असता तरी आम्ही हा लेख लिहिला नसता.

एका कथेचा मात्र इथे स्वतंत्र उल्लेख हवा. भगवतीचरण वर्मांची ‘प्रायश्चित्त’ हिंदीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. रामूची बायको त्रास देणाऱ्या कबऱ्या मांजरीवर पाट फेकते, मांजर निपचित पडते, पंडित येतात आणि सोन्याच्या मांजरीचे वजन ठरवू लागतात. व्यवहार अंतिम टप्प्यात असताना मांजर उठून पळून जाते. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते हा समज आपल्याकडेही घरोघर आहे. या कथेवर शिकवताना आपण पंडितांच्या लोभावर बोलतो आणि थांबतो. त्या समजाचा दुसरा परिणाम आपल्या नजरेतून सुटतो. पाप ‘मारण्याला’ आहे. सोडण्याला नाही. धर्मभीरू मन इथे वकिलासारखे काम करते. आपण तिला मारले नाही. तिला कुत्र्यांनी मारले, उन्हाने मारले, महामार्गावरच्या ट्रकने मारले. आपण फक्त पुलापर्यंत गेलो होतो. सोन्याची बचत झाली आणि झोपही मिळाली.

या पळवाटेला कायद्यात जागा नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, प्राणी उपासमारीने वा तहानेने तडफडेल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा म्हणून नोंदवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान दहा रुपये, कमाल पन्नास. कित्येक दशके हा आकडा तसाच आहे. जळगाव-धुळे एसटीचे तिकीट याहून महाग आहे. ज्या समाजाने एखाद्या गुन्ह्याची किंमत तिकिटाहून कमी ठेवली त्याला तो गुन्हा मनातून किती मान्य आहे, हे वेगळे सांगायला नको.

सल्ल्यात नदी का असते, याचाही विचार करावा. ‘चौकात सोडून या’ असे कोणी सांगत नाही. ‘नदीपलीकडे’ असे सांगतात, कारण जवळ सोडलेली मांजर परत येते हे सर्वांना ठाऊक आहे. ती घर ओळखते, वाट ओळखते, दार ओळखते, हे ज्ञान सल्ला देणाऱ्यापाशी असते आणि त्याच ज्ञानाच्या आधारे तो अंतर मोजून देतो. बारदानात का घालायचे, तर तिने वाट पाहू नये म्हणून. तिला काहीच कळत नाही असे मानणारा माणूस बारदान वापरणार नाही. हा सल्ला अज्ञानातून येतो असे आम्हांला कधीच वाटले नाही.

शिवाय तो व्यवहारातही फोल आहे. मांजर हद्द राखून राहते. एक मांजर उचलले तर ती हद्द रिकामी होते. उकिरडा, धान्याची कोठी, उंदीर, माशांची दुकाने सगळे तिथेच असते. महिन्या-दोन महिन्यांत दुसरे मांजर येते आणि हद्द नव्याने ठरवायची असल्यामुळे आधीच्यापेक्षा जास्त आवाज करते. आमच्या गल्लीत गेल्या दहा वर्षांत किती मांजरे ‘सोडून’ आली गेली याचा हिशोब जुने रहिवासी हसत हसत सांगतात. दहा वर्षांत गल्ली शांत मात्र झालेली नाही.

इथवर वाचून मांजरप्रेमी मंडळी खूश झाली असतील तर त्यांच्याशीही आमचे भांडण आहे, आणि ते कमी तीव्र नाही. झोप ही चैन नव्हे. खानदेशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात आणि अर्धी गल्ली गच्चीवर झोपते. पूर्वी धाब्याच्या घरांवर झोपत, आता स्लॅबवर. मधे भिंत कुठलीच नाही. अशा रात्री एका घरच्या मांजराचा आवाज हा सर्वांचा आवाज होतो. आमच्या शेजारच्या आजींना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आधीच डोळा लागत नाही. त्यांच्या नातसुनेची रुग्णालयात रात्रपाळी असते. ‘सर, तुम्ही पुस्तकं वाचत जागता, आम्ही कशानं जागायचं?’ असे त्या म्हणाल्या तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याचे उघडकीस आले. दुर्गंधी आणि आवाज यांमुळे रहिवाशांनी तक्रारी केल्या होत्या आणि प्रशासनाला ती हलवण्याची नोटीस काढावी लागली. ‘प्रेम’ हा शब्द तिथेही वापरला गेला असेल. शेजाऱ्याच्या झोपेचा ज्यात विचार नाही त्या प्रेमाला आम्ही हौस म्हणतो.

हौशी मंडळींचा एक लाडका युक्तिवाद आहे : नसबंदी निसर्गाच्या विरुद्ध आहे. त्याची साडी नेसवलेली आवृत्ती अशी : ‘एकदा तरी तिला आई होऊ द्या हो.’ अमळनेरला साने गुरुजी शिकवत होते. आईच्या महतीबद्दल या जिल्ह्यात कोणी शंका घेणार नाही. पण मांजरीवर मातृत्वाची पोथी लादणे हे तिच्यावर ढोंगाची पोथी लादण्याइतकेच चुकीचे वाचन आहे. एक मांजरी वर्षाला दोनदा-तीनदा विते, प्रत्येक वेळी तीन-चार पिल्ले. त्यातली दोन गोंडस असतात, त्यांचे फोटो निघतात, ती कोणीतरी नेतो. उरलेल्यांचे काय? उरलेल्यांसाठी बारदान. ‘आई होऊ द्या’ आणि ‘सोडून या’ ही एकाच घरात, एकाच तोंडून, दोन महिन्यांच्या अंतराने निघणारी वाक्ये आहेत. आम्ही ती एकाच बाईंकडून ऐकली आहेत. त्या आम्हांला काव्यशास्त्र शिकवत असत.

सरकीची शस्त्रक्रिया आम्ही ती आल्यानंतर महिन्याभरात करून घेतली. जनावरांच्या डॉक्टरांना म्हशी आणि बैलांची सवय होती. मांजर टेबलावर ठेवताना त्यांनी दोनदा विचारले, ‘खरंच करायचं?’ टाके सुकेपर्यंत दहा दिवस गेले आणि मध्यरात्रीचा तो दीर्घ स्वर बंद झाला. पूर्णपणे. पहाटेचा राहिला आहे. रात्री झोपण्यापूर्वी तिच्याशी दोरीने पंधरा मिनिटे खेळून मग जेवण दिले तर तो साडेचारवरून पाचपर्यंत सरकतो. साडेचारला ओरडल्याबरोबर उठून वाटीत काही घातले तर दुसऱ्या दिवशी चारला सुरू होतो. विद्यार्थ्यांच्या उपस्थितीबाबतही आमचा अनुभव साधारण असाच आहे. रागावण्याने काही होत नाही. आजींच्या बाजूची खिडकी आम्ही रात्री जाळी लावून बंद ठेवतो आणि मे महिन्यात त्या बाजूच्या खोलीत आम्हीच झोपत नाही.

या गोष्टी लहान आहेत, पण ‘सोडून या’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही यातली एकही सुचवली नव्हती, याची नोंद व्हावी. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत डीजे वाजतो. निवासी भागात रात्री दहा ते सहा पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी घातलेली असतानाही आपण ‘एक दिवसाचा तर प्रश्न’ म्हणून कानांत कापूस घालतो. खानदेशात कापूस मुबलक आहे. मांजराच्या वाट्याला मात्र या सोशिकपणातला एक बोळाही येत नाही.

अध्यापकांसाठी एक सूचना. पुढच्या वर्षी ध्वनिदर्शक शब्दांची यादी शिकवताना ‘म्याव’पाशी थांबावे आणि वर्गाला विचारावे, रात्रीच्या आवाजाला तुमच्या घरी काय म्हणतात? आमच्या वर्गात प्रमाण मराठी, अहिराणी, लेवा बोली, पावरी, गुजर बोली बोलणारी मुले बसतात. म्हशीचा माज ज्यांनी पाहिला आहे अशा मुली गोष्टी पटकन समजून घेतात आणि शहरातल्या मुलांपेक्षा कमी लाजतात. ‘रडणे’ हा शब्द फळ्यावरून पुसला गेला तर त्यानंतरच्या चर्चेला वेळ कमी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

राहता राहिला बोका. गल्लीतल्या सगळ्या भांडणांचे मूळ असलेला, कान फाटलेला, कोणाच्याही मालकीचा नसलेला. आजींच्या घरच्यांनी या वेळी ‘सोडून या’ म्हटले नाही. ‘त्याचंही करून टाका,’ म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून दिली. सहा घरांची वर्गणी जमली आहे, डॉक्टरांनी पावसाळ्यापूर्वीची तारीख दिली आहे, पिंजरा उसना मिळणार आहे. बोक्याला पकडायचे कोणी, एवढे अजून ठरायचे आहे.